देवाकडे मदत मागायची कशी: रिकाम्या हाताने, पण भरवशाने

मंडळीत कोणी विचारलं "काय, कसं चाललंय" की आपलं उत्तर ठरलेलं असतं, "प्रभूच्या कृपेने छान चाललंय". माझंही तेच असायचं. नोकरी जाऊन पाच महिने झाले होते, घरात रोज तेच टेन्शन, आणि दर रविवारी उपासना संपली की दारातून बाहेर पडताना तेच वाक्य तोंडातून निघायचं. माणसांना सांगत नव्हतोच, पण खरं बघितलं तर देवालाही सांगत नव्हतो. प्रार्थना रोज चालू होती हां, "हे स्वर्गीय बापा, आम्हा सर्वांना आशीर्वाद दे, आजाऱ्यांना बरं कर, मंडळीची वाढ कर", सगळं होतं त्यात, फक्त मला काम नाहीये आणि मला भीती वाटतेय एवढंच नव्हतं. एका रात्री झोप येईना म्हणून उठलो, टेबलावर एक बिल पडलं होतं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, "प्रभू, मला काम दे. मला आता जमत नाहीये. घरच्यांच्या तोंडाकडे बघवत नाही." तीनच वाक्यं, पण ती बाहेर यायला पाच महिने गेले.

तेव्हापासून मी मागायला शिकतोय, अजून शिकतोच आहे. जे प्रार्थना करतात पण मागू शकत नाहीत, किंवा मागतात आणि मग वाटतं की आपला विश्वासच कमी आहे, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय, ज्या क्रमाने मी स्वतः करतो त्याच क्रमाने.

आधी डोक्यातला एक गोंधळ काढून टाका

बऱ्याच जणांना वाटतं की नम्रता आणि विश्वास एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. नम्र व्हायचं म्हणजे कमी मागायचं, हळू आवाजात मागायचं, "नाही दिलंस तरी चालेल देवा" असं आधीच म्हणून टाकायचं. आणि विश्वास म्हणजे मोठ्याने, ठामपणे, जणू मिळालंच आहे असं बोलायचं. मग माणूस दोन्हीच्या मध्ये अडकतो आणि शेवटी काहीच नीट मागत नाही.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ८ व्या अध्यायातला (मत्तय ८) तो रोमी शताधिपती बघा. त्याचा चाकर घरी पक्षाघाताने पडलाय. येशू म्हणतो मी येऊन बरा करतो, तर हा म्हणतो, प्रभुजी, आपण माझ्या छपराखाली यावं अशी माझी योग्यता नाही, पण शब्द मात्र बोला म्हणजे माझा चाकर बरा होईल. एकाच वाक्यात दोन्ही आहेत! "माझी योग्यता नाही" ही नम्रता आणि "शब्द मात्र बोला" हा विश्वास. शंभर शिपायांवर हुकूम चालवणारा माणूस आहे हा, त्याला अधिकार म्हणजे काय ते रोजच्या कामातून माहीत आहे, म्हणून तो येशूचा अधिकार ओळखतो आणि स्वतःची जागाही ओळखतो. येशूला आश्चर्य वाटलं असं तिथे लिहिलंय, आणि एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही असं तो म्हणाला. म्हणजे स्वतःकडे बघितलं की नम्रता येते आणि त्याच्याकडे बघितलं की विश्वास येतो. मागणी लहान करायची गरजच नाही.

पहिलं काम: कोणाशी बोलतोय ते आठवा

याला एक मिनिट पुरतं, पण ते मिनिट सोडू नका. मोबाईल बाजूला ठेवा, बसा, आणि लगेच यादी वाचायला सुरुवात करू नका. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागण्याच्या आधी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" येतं. बाप आहे म्हणून जवळ जाता येतं आणि स्वर्गातला आहे म्हणून त्याच्या हातात सगळं आहे. इब्री लोकांस पत्र ४ मध्ये म्हटलंय की आपण कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जावं, ऐन गरजेच्या वेळी साहाय्य मिळावं म्हणून. राजासन आहे हे खरं, पण कृपेचं आहे.

गुडघे टेकावे का, डोळे मिटावे का, मोठ्याने बोलावं का, याच्यात अडकून पडू नका. आजारी हिज्कीया राजाने अंथरुणावरच भिंतीकडे तोंड फिरवून प्रार्थना केली, बाळ मागणाऱ्या हन्नाचे फक्त ओठ हलत होते, योना माशाच्या पोटात होता. ऐकलं सगळ्यांचं गेलं.

दुसरं काम: खरं बोला

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे कारण आपली सगळ्यात जास्त गाडी इथेच अडते.

लूक १८ मधला परूशी (धर्माचे नियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (कर गोळा करणारा, लोकांच्या नजरेत पापी) यांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकलाय. पण एक गोष्ट माझ्या लक्षात खूप उशिरा आली, परूश्याच्या प्रार्थनेत एकही मागणी नाही. परत वाचून बघा. मी इतरांसारखा नाही म्हणून आभार, आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दहावा भाग देतो, संपलं. त्याला काही नकोच आहे. आणि जकातदार दूर उभा आहे, वर बघायची हिंमत नाही, छाती बडवतोय, आणि त्याची अख्खी प्रार्थना म्हणजे "हे देवा, मज पाप्यावर दया कर". अख्खी प्रार्थनाच मागणी आहे. येशू म्हणतो नीतिमान ठरून घरी गेला तो हा. ज्याने काहीच मागितलं नाही तो रिकामाच परत गेला, हे वाचून मला माझ्या त्या पाच महिन्यांच्या प्रार्थना आठवल्या.

तर खरं बोला म्हणजे नेमकं काय करायचं? भावना सुद्धा सांगा. राग आला असेल तर राग सांगा. देवावरच राग असेल तर तोही सांगा, त्याला तसाही माहीत आहे. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत, म्हणजे देवाने स्वतःच्या लोकांच्या गाण्याच्या पुस्तकात एवढी जागा तक्रारीला दिलीय. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी काही गोड होत नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

ज्यांना शब्द सुचत नाहीत त्यांनी स्तोत्र १३ घ्या. फक्त सहा वचनं आहेत. पहिल्या दोनात दावीद चार वेळा विचारतो, कुठवर? कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार? ही तक्रार. तीन आणि चारमध्ये मागणी आहे, माझ्याकडे बघ, मला उत्तर दे, माझ्या डोळ्यांत प्रकाश आण. पाच आणि सहामध्ये भरवसा, मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय. आपण काय करतो, पहिली दोन वचनं गिळून टाकतो आणि डायरेक्ट पाचव्यावर उडी मारतो, कारण आपल्याला वाटतं चांगला ख्रिस्ती माणूस तक्रार करत नाही. पण न बोललेली तक्रार आत तशीच राहते आणि मग भरवशाचे शब्द पोकळ लागतात. एक कागद घ्या, दोन ओळी तक्रारीच्या, दोन मागणीच्या, दोन भरवशाच्या, तुमच्या रोजच्या भाषेत लिहा. दहा मिनिटं लागतात फक्त.

आणि खरं बोलताना पाप आठवलं तर तेही तिथेच सांगून टाका, लांबवू नका. कोणाशी वाईट वागलोय, कोणाचे पैसे अडकवून ठेवलेत, काहीही असू दे. पण उलटं करू नका प्लीज, म्हणजे संकट आलंय म्हणजे माझं काहीतरी पाप असणारच असं धरून स्वतःला खणत बसू नका. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी, आणि येशूने दोन्ही नाही म्हटलं. आजारी माणसाच्या उशाशी बसून "काही कबूल करायचं राहिलंय का" असं विचारणारे लोक मी पाहिलेत, फार दुखवतं ते.

तिसरं काम: नेमकं मागा

आंधळा भिकारी बार्तीमय रस्त्याच्या कडेला ओरडत होता, "दावीदपुत्रा येशू, माझ्यावर दया करा". लोक गप्प बस म्हणाले तर हा आणखीच ओरडला. येशूने बोलावलं आणि विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आता आंधळ्या माणसाला काय हवं असणार हे तिथल्या कोणालाही कळलं असतं. तरी येशूने त्याच्याकडून वदवून घेतलं. आणि त्याने भीक मागितली नाही, जी तो रोजच मागत होता, त्याने दृष्टी मागितली.

"मला आशीर्वाद दे" ही प्रार्थना वाईट नाही पण तिच्या आड लपता येतं. "आमच्या घरात शांती दे" याच्यापेक्षा "प्रभू, आज संध्याकाळी मुलाशी बोलताना मला ओरडू देऊ नकोस, आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्यायला मदत कर" असं म्हणा. "माझी तब्येत चांगली ठेव" याच्या जागी "उद्याच्या रिपोर्टची मला धास्ती वाटतेय, रिपोर्ट चांगला येऊ दे, आणि तो ऐकताना माझ्याजवळ थांब". "मला पापापासून दूर ठेव" याच्या जागी ते पाप नाव घेऊन सांगा, आणि रोज कुठल्या वेळेला मोह होतो तेही सांगा. बोलताना आवाज थोडा अडखळला तर समजा की बरोबर जागी हात पडलाय.

नेमकं मागण्याच्या बाबतीत मला नहेम्या फार आवडतो, पारसच्या राजाच्या दरबारातला यहूदी प्यालेबरदार. यरुशलेमच्या भिंती पडल्यात ही बातमी त्याला किसलेव महिन्यात मिळते, आणि राजासमोर बोलायची वेळ येते नीसान महिन्यात, म्हणजे मध्ये साधारण चार महिने गेले. त्या काळात रडणं, उपास, प्रार्थना. आणि राजा विचारतो तुझी काय मागणी आहे, तेव्हा एका क्षणात तो स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो आणि लगेच उत्तर देतो. आता ती दोन सेकंदांची प्रार्थना चालली कशामुळे, तर मागे चार महिन्यांची होती. आणि राजाला त्याने काय मागितलं बघा, भिंती बांधायला जायची परवानगी मागताना किती दिवस लागतील ती मुदत सांगितली, नदीपलीकडच्या सुभेदारांसाठी पत्रं मागितली, वेशीच्या लाकडासाठी राजाच्या वनरक्षकाला पत्र मागितलं. सगळा हिशोब तयार होता. प्रार्थना करणारा माणूस तयारी करत नाही असं कुठे लिहिलंय? जॉबसाठी प्रार्थना करताय तर अर्जही भरा, मदतीसाठी कोणाला फोन करायचा त्यांची यादीही करा, ती यादी घेऊनच प्रार्थनेला बसा.

विश्वास कमी वाटतो त्याचं काय

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय, आणि मलाही पडायचा. मागताना आत शंका असते, मग वाटतं शंका आहे म्हणजे देणारच नाही, मग शंका आणखी वाढते.

मार्कच्या शुभवर्तमानात दोन माणसं येशूकडे "तर" घेऊन आली आहेत. पहिला अध्याय १ मधला कुष्ठरोगी. तो म्हणतो, आपली इच्छा असली तर आपण मला शुद्ध करायला समर्थ आहात. म्हणजे शक्तीबद्दल त्याला शंका नाहीये, शंका एवढीच की माझ्यासारख्यासाठी हा करेल का. दुसरा अध्याय ९ मधला बाप, ज्याचा मुलगा बाळपणापासून आगीत पाण्यात पडतोय, शिष्यांनाही जमलेलं नाही. तो म्हणतो, आपल्याला काही करता येत असेल तर आमच्यावर दया करा. याची शंका शक्तीवरच आहे, बिचारा इतके वर्षं बघून थकलाय.

आपली शंकाही बहुतेक याच दोघांपैकी एकाची असते. काहींना वाटतं देव करू शकतो पण माझ्यासाठी नाही करणार, माझी लायकी काय. काहींना वाटतं आता हे कोणाच्याच हातात नाही राहिलं. आपली कुठली आहे ते ओळखलं तर उत्तरही तिथेच सापडतं. कुष्ठरोग्याला येशूने आधी हात लावला, ज्याला कोणी शिवत नव्हतं त्याला, आणि मग म्हणाला, माझी इच्छा आहे, शुद्ध हो. त्या बापाचा "तर" मात्र येशूने उचलून त्याच्यासमोर ठेवला, विश्वास बाळगणाऱ्याला सर्व काही शक्य आहे म्हणाला. आणि तो बाप लगेच ओरडून काय बोलला, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका". त्याने विश्वास सुद्धा मागूनच घेतला! येशूने त्याला आधी घरी जाऊन विश्वास वाढवून ये असं नाही सांगितलं. मुलगा त्याच वेळी बरा झाला.

म्हणून शंका आली की प्रार्थना थांबवू नका, शंकेसकट करा. विश्वास म्हणजे छातीत काहीतरी जोरदार फीलिंग यायला हवं असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालताना बुडायला लागला तेव्हा त्याच्यात कसलं फीलिंग होतं, वाऱ्याची भीती होती फक्त. पण "प्रभुजी, मला वाचवा" हे तो येशूकडे तोंड करून ओरडला, आणि येशूने तत्काळ हात पुढे करून धरलं. अरे अल्पविश्वासी हे नंतर म्हटलं, आधी धरलं.

"येशूच्या नावाने आमेन" म्हणतो त्याचा अर्थही इथेच आहे. तो काही पासवर्ड नाही शेवटी टाकायचा. माझ्या पुण्याईवर, माझ्या विश्वासाच्या वजनावर मी आलेलो नाही, येशूच्या नावावर आलोय, त्याने जे केलंय त्याच्या आधारावर मागतोय, असं आपण म्हणत असतो. हे एकदा मनात बसलं की माझा विश्वास पुरेसा आहे का ही काळजी बरीच हलकी होते.

कसं करायचं ते त्याच्यावर सोडा

इथे नम्रतेची खरी कसोटी लागते. मागणी नेमकी ठेवायची पण रस्ता त्याला आखून द्यायचा नाही. कुष्ठ झालेला नामान सेनापती बरा व्हायला अलीशा संदेष्ट्याकडे आला, तर अलीशा दारापर्यंतही आला नाही, निरोप पाठवला की यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. नामान चिडला, त्याला वाटलं होतं तो बाहेर येईल, उभा राहील, हात फिरवेल. पूर्ण सीन त्याच्या डोक्यात तयार होता. शेवटी त्याच्या चाकरांनी समजावलं म्हणून तो पाण्यात उतरला, नाहीतर कुष्ठ घेऊनच घरी गेला असता.

गेथशेमाने बागेतली येशूची प्रार्थना मार्क १४:३६ मध्ये एकाच वचनात आहे, आणि मी आता बहुतेक मोठ्या मागण्या तिच्याच धर्तीवर करतो. अब्बा, बापा, म्हणजे नातं. तुला सर्व शक्य आहे, म्हणजे विश्वास. हा प्याला माझ्यापासून दूर कर, म्हणजे नेमकी मागणी, सरळ, काही न लपवता. आणि मग, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. हा क्रम मोडू नका. आपल्यापैकी बरेच जण तिसरं न बोलताच चौथ्यावर येतात, "तुझी इच्छा असेल ते कर" म्हणून मोकळे होतात, आणि ते समर्पण नसतं बऱ्याचदा, मागून निराश व्हायची भीती असते. येशूने मागितलं, तेही तीनदा, आणि मग सोपवलं.

सौदा मात्र करू नका. "हे दे, मग मी दर रविवारी येईन, एवढं दान देईन." कोणी म्हणेल हन्नाने नवस केला होता ना, हो केला होता, पण ती जे मागत होती तेच परत देवाला द्यायला निघाली होती, आणि तिच्या प्रार्थनेतलं बघण्यासारखं वेगळंच आहे, ती उठून गेली तेव्हा तिचं तोंड उदास राहिलं नाही असं लिहिलंय, बाळ तर सोडाच, दिवसही गेले नव्हते तेव्हा. आणि घाईत बोललेला नवस काय करतो ते इफ्ताहाच्या गोष्टीत शास्ते ११ मध्ये वाचा. देव विकत देत नाही, देतो.

एकट्याने मागत बसू नका

मला हे सगळ्यात जड गेलं. देवासमोर नम्र होणं तरी सोपं, तो दिसत नाही, पण ओळखीच्या माणसाला "मला मदत पाहिजे" म्हणायचं म्हणजे जीभ उचलत नाही. त्या बिलावर लिहिलेल्या प्रार्थनेनंतर आठवडाभराने मी मंडळीतल्या एका वयस्कर काकांना सांगितलं. त्यांनी उपदेश नाही केला, वचन नाही फेकलं. हात धरला, माझं नाव घेऊन दोन मिनिटं प्रार्थना केली आणि म्हणाले, दर बुधवारी संध्याकाळी घरी ये, आपण दोघं मिळून मागू. सात बुधवार गेलो मी.

लढाई चालू असताना वर उचलून धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी धरून सूर्यास्तापर्यंत स्थिर ठेवले. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उसकटलं, आणि येशूने त्यांचा विश्वास पाहिला असं मार्क २ म्हणतं. तुमचा विश्वास संपलाय असं वाटतं तेव्हा दुसऱ्यांच्या विश्वासावर बसून जाता येतं.

सांगताना एक दोन गोष्टी पाळा. तोंड बंद ठेवणारा माणूस निवडा. ग्रुपवर "प्रार्थनेत आठवण ठेवा" एवढाच मेसेज टाकण्यापेक्षा एकाला प्रत्यक्ष सांगा, कशासाठी ते सांगा आणि कधीपर्यंत तेही सांगा.

आणि देव माणसांच्या हातूनही मदत पाठवतो हे विसरू नका. यशया संदेष्ट्याने हिज्कीयाच्या गळवावर अंजिराचं पोटीस लावायला सांगितलं, प्रेषित पौलाच्या सोबतचा लूक वैद्य होता. औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी झाला असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका, डॉक्टरने दिलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका. घरात मारहाण होत असेल तर नम्रता म्हणजे सोसत राहणं नव्हे, सुरक्षित जागी जा आणि मदत मागा, दावीदही शौल राजाच्या भाल्यापुढून पळाला होता. जगणं नको वाटत असेल तर आजच कोणाला तरी सांगा, आत्ता फोन करा. एलीयासारख्या संदेष्ट्याने मरण मागितलं होतं, देव त्याच्यावर रागावला नाही, त्याला झोपू दिलं, देवदूताने दोनदा उठवून खायला प्यायला दिलं, प्रवास तुला झेपणार नाही म्हणाला. बोलणं त्याच्या नंतर.

परत परत मागणं, आणि थांबून राहणं

एकदा मागितलं तर परत मागणं म्हणजे अविश्वास, असं काही जण शिकवतात. मला ते पटत नाही कारण येशूने नेमकं उलटं शिकवलं. मध्यरात्री भाकरी मागायला आलेला मित्र, न्यायाधीशाला हैराण करणारी विधवा, दोन्ही दाखले परत परत मागण्याचेच आहेत. एलीयाने पावसासाठी प्रार्थना करताना चाकराला समुद्राकडे सात वेळा पाठवलं, सातव्यांदा हाताएवढा ढग दिसला.

माझी पद्धत साधी आहे. एक वही. पानाच्या मधोमध रेघ. डाव्या बाजूला तारीख आणि मागणी, एका वाक्यात. उजवी बाजू रिकामी. रोज सकाळी त्यातल्या तीनच मागण्या घ्यायच्या, सगळ्या नाही, नाहीतर यादी वाचणं होतं. दिवसभरात आठवण आली की एक ओळीची प्रार्थना, "प्रभू, तेवढं बघ". पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत कितीतरी शतकांपासून श्वासाबरोबर एक छोटी प्रार्थना म्हणतात, "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर". गर्दीत, रांगेत, ऑफिसमध्ये मीटिंगच्या आधी, कुठेही चालते. आणि ज्या दिवशी तेवढंही जमत नाही त्या दिवशी नुसतं बसा, रोम ८:२६ म्हणतं आपल्याला मागता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी विनंती करतो.

उत्तर आलं की उजव्या बाजूला लिहा, त्याच दिवशी, तारीख टाकून. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला एकच परत आला, बाकीचे वाईट होते असं मला वाटत नाही, घरी जायची घाई झाली असेल, आपल्यालाही होते. उत्तर "नाही" असं आलं तर तेही लिहा. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे, अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते. "पुरे आहे" हे शब्द गोड वाटायला मला वेळ लागला आणि ज्यांना अजून लागतोय त्यांना मी घाई करणार नाही. कोणाचं माणूस गेलं असेल, इतकी प्रार्थना करूनही, त्यांच्याजवळ जाऊन कारणं सांगू नका, येशू मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेकडे जाताना रडला, पुढे त्याला जिवंत करणार आहे हे माहीत असूनही रडला.

मला काम मिळालं, सातव्या बुधवारच्या नंतरच्या सोमवारी. मी मागितलं होतं तसं नाही, पगार आधीपेक्षा कमी होता आणि कामही वेगळंच, पण मला त्याची गोडी लागली. वहीत पहिल्या पानावर ते बिल चिकटवलंय आणि उजवीकडे तारीख लिहिलीय. त्याच्या खाली दुसरी मागणी आहे, माझा थोरला भाऊ माझ्याशी बोलत नाही त्याबद्दलची. आधी मी लिहिलं होतं "त्याला बदल", मग ते खोडून "आम्हाला बदल" केलं, आणि गेल्या वर्षी तेही खोडून "मला आधी फोन करायची हिंमत दे" असं लिहिलं. उजवी बाजू अजून कोरी आहे. आज सकाळी मी तीच मागणी परत घेतली, आणि काकांनाही सांगितलंय की या बुधवारी ती घ्यायची आहे.